एक तिथ मागे

सून लग्न होऊन आली तेव्हा ती काय काम करते हे मला कोणाला सांगता येत नव्हतं. कोणी विचारलं की मी "कंपूटरवर असते" म्हणायची आणि पुढचं बोलणं टाळायची. मग एकदा मेथी निवडताना तिनेच समजावलं. मोबाइलवर आपण एखाद्या दुकानाचं पान उघडतो, त्यावर चित्रं असतात, बटण दाबलं की दुसरं पान येतं. ते आपोआप होत नाही, कोणीतरी ते लिहिलेलं असतं. ती असली पानं लिहिते. त्याला वेब डेव्हलपर म्हणतात आणि त्या लिहिण्याची भाषा वेगळी असते.

"मंग ती भाषा बोलतात कंच्या गावाला?" मी विचारलं.

"बोलत नाही कोणी, आई. नुसती लिहितात."

ते मला बरं वाटलं. न बोलता नुसती लिहायची भाषा असते हे आधी माहीत असतं तर मी चौथीच्या पुढे शिकले असते, असं मनात आलं. बोलून दाखवलं नाही.

आमचं घर रेवसच्या अलीकडे, खाडीला पाठ करून आहे. मागच्या दारातून दगडी पायऱ्या उतरत पाण्यात जातात. पूर्वी तिथे मचवे लागत. आता पायऱ्यांवर मी भांडी घासते. मुलगा मुंबईला नोकरी करतो, शनिवारी लाँचने येतो, सोमवारी पहाटे जातो. सगळीकडे बंद होतं त्या वर्षी सुनेचं काम घरून सुरू झालं आणि पुढेही तसंच राहिलं. नात इथेच चालायला शिकली. आता ती गावच्या शाळेत पहिलीत आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुनेच्या ऑफिसातून कळवलं की पानं लिहायचं काम कमी होणार. बरंचसं काम आता यंत्रच करतं म्हणे. जी माणसं उरतील त्यांनी पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. नाहीतर त्याच कंपनीत दुसरा एक गट होता, बंदरांतल्या पाण्याच्या मोजणीचं काम करणारा. त्यांना माणसं हवी होती आणि त्यांनी घरून काम केलं तरी चालणार होतं. पण त्या गटाची भाषा निराळी होती. महिनाभरात शिकून परीक्षा द्यायची. जमलं तर इथे राहायचं, नाहीतर पुण्याला खोली घ्यायची आणि नातीला तिकडच्या शाळेत घालायचं.

हे सगळं सुनेने मला एका दमात सांगितलं. मी "आसं का" म्हणाले आणि भात उतरवला. दुसऱ्या दिवशी ती नातीच्या शाळेत जाऊन शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्जाचा कागद घेऊन आली. भरला नाही. कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला. कॅलेंडर मी दिवसातून दोनदा बघते, त्यामुळे तो कागदही दिसायचा.

नव्या भाषेचं नाव म्हणजे इंग्रजीतलं एकच अक्षर होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पुढची अक्षरं ती सांगायची विसरली. मी थोडा वेळ वाट बघितली.

माझी मोठी जाऊ शेजारीच राहते. तिला कोणाचंही काही लपून राहिलेलं सोसत नाही. ती एका दुपारी सुरमई घेऊन आली आणि आमच्याच विळीवर कापायला बसली. कापता कापता सुनेला म्हणाली, "काय गो, एक भाषा येते ना पोटापुरती? मंग दुसरी कशाला? एक ना धड, भाराभर चिंध्या."

सून हसली. "काकी, तुम्ही ज्या पात्याने मासा कापता त्यानेच नारळ खवता का?"

"पात्यानं कोन खवतंय? ही काय खवणी." जावेने विळीच्या टोकाकडे बोट दाखवलं. "आमच्या विळीला दोनी हाय. तुमच्या शहरात न्हाय मिळत आशी."

"तेच म्हणते मी. मला फक्त पातं आहे. खवणी बसवून घेते."

जाऊ पुढचा तुकडा कापायला लागली. मग म्हणाली, "बोलायला लय हुशार हाय गो तुझी सून." हे ती मला म्हणाली, पण बघत माशाकडे होती.

जाऊ गेल्यावर सुनेने मला जरा नीट सांगितलं. तिची पहिली भाषा पानाचं तोंड नीटनेटकं करायला चांगली. पण वर्षाचे हजारो आकडे मांडून त्यांच्यात काय दडलंय ते बघायचं तर ती भाषा दमते. नवी भाषा त्याचसाठी जन्मलेली. मी विचारलं, "मंग सोपी आसंल." ती म्हणाली, "सोपी आहे, म्हणूनच जड जाते. जुनं सारखं मधे येतं."

ते मला कळलं. मी शाळेत गेले तेव्हा घरातली बोली घेऊनच गेले. गुरुजींनी विचारलं, "पाटी आणली का?" मी म्हणाले, "न्हाय." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले, वाईट मनाने नाही. त्यानंतर मी वर्गात बोलणं सोडलं, पण लिहिताना मात्र पुस्तकातल्यासारखं लिहायला शिकले. लिहिलेलं कोणाला ऐकू जात नाही. अजूनही माझं बोलणं एक आहे आणि लिहिणं एक. आता मधे येत नाही, पण त्याला बरीच वर्षं गेली. सुनेकडे एक महिना होता.

ती सकाळी ऑफिसचं काम करायची आणि दुपारी जेवण झालं की नवी भाषा. चुकलं की स्क्रीनवर लाल ओळी यायच्या. नात शाळेतून आली की आधी तिकडे बघायची आणि ओरडायची, "आजी, मम्माला पुन्हा लाल शेरा!" सून म्हणायची, "गप गं, गृहपाठ कर." कधी खरंच चिडायची. एकदा ती तिच्या नवऱ्याला फोनवर म्हणाली, "मी दहा वर्षं हे काम करतेय आणि आज पहिलीत बसल्यासारखं वाटतं." मुलगा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तो बहुतेक "होईल ते होईल" म्हणाला असणार. त्याच्या वडिलांचंही हेच होतं.

परीक्षेसाठी सांगितलं होतं की तुमच्या आसपासची मोजता येईल अशी एखादी गोष्ट घ्या आणि वर्षभराचे आकडे नव्या भाषेत मांडून दाखवा. सुनेला सुचेना. पाऊस म्हणाली, मग नको म्हणाली, सगळे पाऊसच आणतील. एक दिवस मी पायऱ्यांवरची भांडी घाईने उचलायला लागले. ती मागच्या दारात चहा पीत होती. पाणी तेव्हा बरंच खाली होतं.

"आई, तुम्हाला न बघता कसं कळतं पाणी कधी येणार ते?"

मी म्हणाले, "पाऊणकीनं."

तिला पाऊणकी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिच्या शाळेत नव्हती. माझ्याही शाळेत नव्हती, हा पाऊणचा पाढा मला बाबांनी शिकवला. माझं माहेर पेणच्या बाजूला. बाबा मिठागरावर कामाला होते. मिठागराच्या बांधाला खाडीचं पाणी आत घ्यायला फळ्यांचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. पाणी भरलं की ती उघडायची आणि उतरायच्या आत बंद करायची. वेळ चुकली की आत आलेलं पाणी परत गेलं. बाबांकडे घड्याळ होतं, पण भरतीची वेळ ते पाढ्याने काढत. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते येतं. सकाळी दात घासताना ते मला हाक मारायचे, "बाय, आज कंची तिथ?" मी म्हणायची, पंचमी. "मंग?" पाच पाऊण पावणेचार. ते मान हलवायचे. मी चुकले तर काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहायचे, मी परत म्हणेपर्यंत.

सुनेने तिथेच मोबाइल काढला. "म्हणा ना, आई. मी लिहून घेते."

मी म्हटलं. "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन." कोणी ऐकत असताना मी पाढा म्हटल्याला किती वर्षं झाली होती ते आठवत नाही. पंधरापर्यंत जाऊन थांबले. पुढे पुन्हा प्रतिपदाच येते.

तिने विषय पक्का केला. वर्षाच्या सगळ्या तिथी तिने पंचांगावरून भरल्या आणि पाऊणकी नव्या भाषेत लिहिली. बंदराचा भरतीच्या वेळांचा छापील तक्ता मिळतो, तोही घातला. मग स्क्रीनवर दोन रेघा आल्या. निळी रेघ तक्त्याची, तांबडी माझी. दोन्ही सारख्याच चढत-उतरत होत्या, पण तांबडी सतत निळीच्या खाली.

सून अगदी हळू म्हणाली, "आई, तुमचा हिशोब पाऊण तास मागे पडतो. पण काही बिघडत नाही हं. जुनी पद्धत आहे, थोडं इकडेतिकडे असायचंच. मी 'अंदाजे' असं लिहीन."

"आसंल," मी म्हणाले.

चार-पाच दिवस ते माझ्या डोक्यात राहिलं. बाबांचा हिशोब चुकत असेल तर चुकत असेल. पण पाऊण तास म्हणजे थोडं नाही. पाऊण तास आधी उघाडी उघडून माणूस बसला तर त्याच्या लक्षात आलं असतं. की तेव्हा खाडी निराळी होती आणि आता गाळाने पाणी उशिरा येतं? मी पायऱ्यांवर बसून बघायचीही, पण रोज काही ना काही कामाने उठावं लागे आणि नेमकी वेळ हुके. सुनेला काही विचारलं नाही. तिला येतं ते मला येत नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर तिच्या मनात काही घालायला नको, असं वाटलं.

परीक्षेचा दिवस आला. दुपारी चार वाजता दोन साहेब स्क्रीनवर येणार होते. नात शाळेत होती. सून सव्वादोनच्या सुमाराला माझ्यासमोर एकदा सगळं म्हणून बघत होती. मी ताक घुसळत होते. ती इंग्रजीत म्हणायची आणि मग माझ्यासाठी मराठीत. शेवटी म्हणाली, "आणि हे आजचं उदाहरण, आई. तुमच्या पद्धतीने आजची भरती सव्वादोन. तक्त्यात तीन वाजून पाच मिनिटं."

मग तिने कानाला ते हेडफोन लावले आणि स्वतःशीच पुटपुटायला लागली.

सव्वादोन हे कानात पडलं आणि तोंडात तीन पाऊण आलं. तीन पाऊण सव्वादोन. पण आज चतुर्थी. मी उठून कॅलेंडर बघितलं. चतुर्थीच होती, रात्रीपर्यंत. दाखल्याचा अर्ज मागून जरा बाहेर आला होता, तो आत सरकवला. मग मागच्या दारी गेले. पाणी वरून सहाव्या पायरीवर होतं. एका दगडावर खूण बघत उभी राहिले. पाणी खूण बुडवून पाचवीकडे निघालं. चढत होतं. तीन वाजेपर्यंत चढणार होतं.

मग माझ्या ध्यानात आलं की अंदाजाची चूक अशी सारखी नसते. अंदाज चुकला तर कधी पुढे जातो, कधी मागे. ही बहुतेक रोज पाऊणच, वर्षभर पाऊणच. पाऊण म्हणजे पाढ्याची एक ओळ. माझ्या पाढ्यात चूक नव्हती, कोणीतरी एक तिथ मागून तो म्हणत होतं.

एवढं कळूनही मी दारात उभी राहिले. घड्याळात अडीच वाजून गेले. तिचे कान झाकलेले होते आणि डोळे स्क्रीनवर. तिच्या कामात मी कधी एक शब्द बोलले नव्हते. माझंच चुकत असलं तर ती चारच्या आधी उगाच गोंधळेल. माझं बरोबर असलं आणि मी गप्प राहिले, तर तिथले साहेब पाण्याचंच काम करणारे, त्यांना ते दिसणारच. मग तो कागद कॅलेंडरमागून निघेल. मी दोनदा आत पाऊल टाकलं आणि दोनदा मागे आले. हात ताकाचे होते ते पुसले. पुसायला काही उरलं नाही तेव्हा आत गेले आणि म्हणाले, "पानी चढतंय अजून."

तिने कानावरचं काढलं. "काय, आई?"

"पानी. चढतंय अजून. तीनला भरंल."

"हो, म्हणजे तक्ता बरोबर आहे. तुमची पद्धत थोडी..."

"माझी तीनच येते," मी म्हणाले. "चार पाऊण तीन. सव्वादोन तीन पाऊणला येतात. तीज काल झाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाबा बघायचे तशी. मला वाटलं, आता काहीतरी परत म्हणावं लागणार. पण तिने मान वळवली, स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! एक वजा केलाय मी!"

मग तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. तिच्या पहिल्या भाषेत मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. पहिली वस्तू शून्यावर, दुसरी एकावर. म्हणून गेली दहा वर्षं तिचा हात आपोआप एक वजा करतो. नव्या भाषेत पहिली वस्तू एकवरच असते, आपल्यासारखी. तिने तरीही सवयीने एक वजा केला. प्रतिपदा शून्य झाली, चतुर्थी तीन झाली. चुकलं असतं तर लाल ओळ आली असती, पण यात लाल येण्यासारखं काही नव्हतं. भाषेच्या नियमात सगळं बरोबर होतं.

"सासरी येऊन माहेरचं बोलले मी," ती म्हणाली आणि हसायला लागली.

"शून्यापासून कशाला मोजतात गो?"

"तेच तर. मला हा प्रश्न कधी पडलाच नाही. दुसरी शिकेपर्यंत मला वाटायचं, सगळे तसंच मोजतात."

तिने ते वजा एक खोडलं. एवढंच केलं. तांबडी रेघ उचलली गेली आणि निळीवर जाऊन बसली. कुठे थोडी वर, कुठे थोडी खाली, पण तिच्याबरोबर. मी मागे जाऊन पाणी बघून आले. तीनला ते वरच्या चौथ्या पायरीवर थांबलं होतं.

चार वाजता मी स्वयंपाकघरात बसले. भांडं वाजू नये म्हणून काही हातात घेतलं नाही. बोलणं बहुतेक इंग्रजीत होतं, मधे मधे मराठी. सून ठीक बोलत होती. मग एक साहेब मराठीत म्हणाले, "ही तांबडी रेघ कोणाची पद्धत म्हणालात?"

"माझ्या सासूबाईंची."

"अष्टमी-नवमीच्या आसपास ती निळीपासून लांब जाते. का ते त्यांना माहीत असेल? आहेत का त्या तिथे?"

मी मागच्या दाराने बाहेर पडले. पायऱ्यांवर गेले आणि चांगली दहा मिनिटं तिथेच थांबले. आत सून काय म्हणाली ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "आहेत, पण त्या बोलत नाहीत. लिहून देतील." साहेब म्हणाले, चालेल.

त्यासाठी तिने मला ही दोनशे पानी वही आणून दिली. मी पहिल्या पानावर लिहिलं की अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, भरती लहान होते आणि पाणी वेळेवर येत नाही. त्या दिवसांत आमचे बाबा पाढ्यावर विसंबायचे नाहीत, काठावर जाऊन डोळ्यांनी बघायचे आणि मग उघाडीला हात लावायचे. खाडीत आत गेलं की पाणी आणखी उशिरा पोचतं, तेही लिहिलं. पुस्तकातल्या भाषेत लिहिलं. सुनेने ते वाचलं, एकही शब्द न बदलता टाइप करून पाठवलं. तिला एवढं आश्चर्य का वाटलं ते मला कळलं नाही. "आई, तुम्ही असं लिहिता?" असं दोनदा म्हणाली.

आठ दिवसांनी तिला त्या गटात घेतल्याचं कळलं. तिने मला मिठी मारली. मी हातात भाकरी होती म्हणून तशीच उभी राहिले. जाऊ संध्याकाळी आली आणि म्हणाली, "बसली का मंग खवणी?" सून म्हणाली, "बसली, काकी." जाऊ म्हणाली, "मंग आमाला खोबरं कदी?"

वहीतलं एकच पान लागलं होतं. बाकीची तशीच होती, म्हणून मी लिहिते. कोणी वाचावं म्हणून नाही.

दाखल्याचा अर्ज कॅलेंडरमागून मीच काढला. त्याची मागची बाजू कोरी आहे. त्यावर नातीला पाऊणकी लिहायला दिली. ती जीभ बाहेर काढून लिहिते आणि मोठ्याने म्हणते. पहिल्याच ओळीला मी तिला थांबवलं.

"शून्य पाऊण शून्य," ती म्हणाली होती.

"शून्य तिथ नसते गो."

"मम्माच्या जुन्या भाषेत असते," ती म्हणाली आणि पुढे गेली. "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड."